एकतिसावी बाई

कोकणे चौकात सकाळी सहाच्या सुमाराला उभं राहिलं की पिंपळे सौदागरचा हजेरीपट डोळ्यांसमोरून सरकतो. आधी येतात चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुली. राखाडी शर्ट-पँट, पायात सेफ्टी शूज, तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, पाठीवर सॅक. सॅकमध्ये डबा नसतो, कॅन्टीन कंपनीचं आहे. मोबाइलमध्ये मान घालून त्या बस पॉइंटवर उभ्या असतात आणि बस आली की दोन मिनिटांत पॉइंट रिकामा होतो. सातच्या आसपास काळेवाडी, पिंपळे गुरवकडून कामाच्या मावशी येतात, कोणी चालत, कोणी शेअर रिक्षाने, आणि सोसायटीच्या गेटवर ॲपमध्ये नंबर टाकून आत शिरतात. साडेआठनंतर त्याच गेटमधून आयटीतल्या हिंजवडीवाल्या बाहेर पडतात. गळ्यात आयडी कार्ड, एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या खांद्यावर अर्धवट झोपेतलं पोर. ते वाटेत पाळणाघरात उतरवायचं असतं.

सध्या या तिघींनाही मागणी आहे. त्यातल्या दोघींसाठी तर कंपन्या जाहिराती करतात: ने-आणीला गाडी, पाळणाघर, सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा, योगाचे वर्ग, आणि आठ मार्चला गुलाब. (त्या गुलाबाचं पुढे काय करायचं हे आजवर कोणाला कळलेलं नाही. तो संध्याकाळी स्कूटीच्या डिकीत चुरगळलेला सापडतो.) या सगळ्याला एचआरच्या भाषेत 'पर्क्स' म्हणतात आणि बायकांची टक्केवारी वाढली की तिला 'डायव्हर्सिटी'. मराठीत आपण 'सवलत' म्हणतो. सवलत हा शब्द मोठा लबाड आहे, कारण देणाऱ्याने उपकार केल्याचा वास त्याला येतो. त्यामुळे एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: या सवलतीची पावती नेमकी कोणाच्या नावावर फाडली जाते? सव्वाशे वर्षांचा हिशोब काढला तर बायका कारखान्यात किती आल्या आणि किती गेल्या, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पावतीत सापडतं.

कामगारांना मिळालेली पहिली मोठी सवलत म्हणजे रविवारची सुट्टी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मिळवली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गिरणी कामगारांची सभा झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं जमली आणि दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणं केली. १० जूनला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. सभेला आलेल्या त्या दोघी कोणी पाहुण्या नव्हत्या. पुढे १९२० च्या दशकातही मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंगच्या खात्यांत तर त्याच जास्त, आणि त्यांच्यावर देखरेख करायला नायकीण. म्हणजे स्त्री-पुरुष प्रमाणाचं जे लक्ष्य आजच्या कितीतरी कारखान्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं आहे, ते शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागमध्ये कोणाच्या लक्षातही न येता गाठलेलं होतं.

मग त्या गेल्या कुठे?

काही यंत्रांनी घालवल्या, काही कायद्यांनी. १८९१ च्या कायद्याने बायकांचे कामाचे तास अकरावर आणले, १९११ च्या कायद्याने रात्रीचं काम बंद केलं. हेतू चांगलाच होता, तो काळ चौदा-चौदा तासांच्या पाळ्यांचा होता. पण गिरण्या दोन आणि तीन पाळ्यांत चालू लागल्या तेव्हा तिन्ही पाळ्यांत फिरवता येणारा माणूस मालकाला सोयीचा वाटू लागला. त्यात बाळंतपणाचा खर्च आला. इथे जरा थांबायला हवं, कारण आज हिंजवडीत अडलेली गाठ तिथे पडलेली आहे.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. हिंदुस्थानातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे गेले होते. त्या परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा करार केला आणि त्यात एक शहाणपणाची गोष्ट लिहिली: रजेतला भत्ता सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून द्यावा. जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, ते पडलं. चार वर्षांनी मुंबई कायदेमंडळात तसंच विधेयक आलं. जुलै १९२८ मध्ये त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि तेव्हाच सांगून ठेवलं की या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या कामाचा फायदा मालक घेतो, तर त्याच्यावर काही भार टाकणं चूक नाही. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला पहिला. त्यात आंबेडकरांच्या बोलण्यातला दुसरा भाग उतरला, पहिला उतरला नाही. पावती मालकाच्या नावावर फाडली गेली. मालकाने ती वाचली आणि पुढच्या भरतीत बाईऐवजी तिचा भाऊ घेतला. १९८२ चा संप झाला तोवर गिरणीतल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्याची गोष्ट सुरू होते ती ही वजाबाकी जवळपास पूर्ण होत आली तेव्हा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीला बजाज आली, पिंपरीला टेल्को. त्या काळच्या सवलती आठवून इथले निवृत्त लोक अजून हळवे होतात. कंपनीची कॉलनी, कॉलनीतली शाळा, नाममात्र पैशात कॅन्टीनचं ताट, दारात बस, बायको-मुलांचं औषधपाणी, दिवाळीचा बोनस. त्यांचं हळवं होणं खोटं नाही. गावाकडे दोन एकर कोरडवाहू सोडून आलेल्या माणसाला कंपनीने माणसात आणलं. पण ती यादी आज परत वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते. तिच्यातली प्रत्येक सवलत घरी बायको आहे असं धरून दिलेली आहे. पहाटे साडेचारला उठून फर्स्ट शिफ्टवाल्याचा चहा टाकणारी, थर्ड शिफ्टवाला दिवसा झोपला की पोरांना गप्प बसवणारी, कॉलनीच्या शाळेतल्या पालकसभेला जाणारी. कंपनी पगार एकाला देत होती आणि तिला दोन माणसं मिळत होती.

बाई कामगार म्हणून कारखान्यात आली तर काय करायचं, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितलं होतं. संध्याकाळी सात ते सकाळी सहा तिला कामावर ठेवायचं नाही. आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचं. ही संख्या आधी पन्नास होती, १९७६ च्या दुरुस्तीने ती तीस झाली. कामगारांच्या दृष्टीने ही सुधारणाच. फक्त मोजायचं काय, ते पाहा. कायदा मुलं मोजत नव्हता, आई-बाप मोजत नव्हता. बायका मोजत होता. कारखान्यात हजार बाप असले तरी पाळणा लागत नाही. एकतिसावी बाई आली की लागतो.

ऐंशीच्या दशकात आमच्या ओळखीतल्या एक बाई भोसरीतल्या एका लहान कारखान्यात कॉइल वायंडिंगला होत्या. बोटांचं काम, बारीक तार, डोळ्यांवर ताण. तिथे बायकाच घेत, कारण हात हलका आणि पगारही हलका. खात्यात अठ्ठावीस जणी. एकीने आपल्या जावेसाठी शब्द टाकला तर सुपरवायझरने बोटं मोजून दाखवली आणि हसत म्हणाला, "आता अजून दोघी आणा. तिसरी आणलीत तर मला पाळणा हलवायला बसावं लागेल." बाई ही गोष्ट आजही विनोद म्हणून सांगतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही हसलो होतो.

१९७४ मधला प्रसंग मराठी वाचकाला तोंडपाठ आहे, तरी त्याच्याकडे पुन्हा पाहायला हरकत नाही. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एम. टेक. करणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात वाचली. इंजिनिअर हवे होते आणि खाली लिहिलं होतं, स्त्रियांनी अर्ज करू नये. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणारी तार आली, जाण्यायेण्याचा खर्चही कंपनीचा. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी तिच्याकडे तीस-तीस रुपये दिले, पुण्याहून साड्या आणायला; नोकरी मिळेल असं कोणालाच वाटत नव्हतं. ती मिळाली. शॉप फ्लोअरवर काम करणारी टेल्कोची ती पहिली महिला इंजिनिअर, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती.

या गोष्टीचा शेवट आपण नेहमी नोकरी मिळाली तिथे करतो. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८१ मध्ये नारायण मूर्तींनी सहा सहकाऱ्यांबरोबर पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार रुपये, सुधाबाईंनी साठवलेले. सातही संस्थापक पुरुष. नवरा-बायको दोघांनी एका कंपनीत नसावं असं मूर्तींचं तत्त्व होतं, म्हणून इंजिनिअर असलेली बायको बाहेर राहिली, आणि १९८२ मध्ये तिने टेल्कोही सोडली. ते तत्त्व चुकलंच, असं मूर्तींनी चाळीस वर्षांनी जाहीरपणे सांगितलं. पिंपरीच्या कारखान्याचं दार पोस्टकार्ड लिहून उघडणाऱ्या बाईला घरातून उभ्या राहिलेल्या कंपनीत टेबल मिळालं नाही. तिथे नोटीस बोर्डावर काही लिहावंही लागलं नाही. दोघांचं भांडण असतं तर गोष्ट सोपी होती. इथे दोघंही एकमेकांचं भलंच पाहत होती.

योगायोग असा की सुधाबाईंनी पोस्टकार्ड लिहिलं त्याच १९७४ साली स्वीडनने बाळंतपणाच्या रजेच्या जागी पालकत्वाची रजा आणली. आई आणि बाप, दोघांपैकी कोणीही घ्यावी, पैसे सामाजिक विम्यातून. तिथल्या बापांनी ती लगेच धडाधड घेतली असं झालं नाही, कित्येक वर्षं त्यांनी टाळाटाळ केली. पण बाई नोकरीवर ठेवली म्हणून एखाद्या मालकाला वेगळं बिल आलं नाही.

आपल्याकडे हिंजवडी उभी राहिली तेव्हा वाटलं की जुनी अडचण आपोआप मिटली. कॉम्प्युटरला हलका हात आणि जड हात असा फरक कळत नाही. मुली आल्या आणि भराभर आल्या. पवनेच्या काठच्या शेतांवर टॉवर उभे राहिले ते त्यांच्या आणि त्यांच्या नवऱ्यांच्या दुहेरी पगाराच्या कर्जावर. पिंपळे सौदागर हे गाव आजच्या रूपात त्या दोन ईएमआयनी बांधलं आहे म्हटलं तरी चालेल. रात्रीच्या कॉल सेंटरांनी बाईच्या रात्रपाळीचा प्रश्न उघड्यावर आणला. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बळी घेतला. कॅबमध्ये गार्ड हवा, बाईला शेवटची एकटी सोडायची नाही, हे नियम कडक झाले ते त्यानंतर. ने-आणीची गाडी आज जाहिरातीत सवलतींच्या यादीत पहिली असते. तिच्यामागे काय आहे ते तिथे लिहिलेलं नसतं.

कायदा हळूहळू हलला. राज्याने २०१७ मध्ये दुकानं-आस्थापनांच्या नव्या कायद्यात बाईच्या संमतीने, सुरक्षेची व्यवस्था करून रात्रीच्या कामाला परवानगी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कारखान्यांसाठीही तीच वाट धरली. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं. पन्नास कर्मचारी, स्त्री-पुरुष मिळून. सत्तर वर्षांनी का होईना, कायद्याने बायका मोजायचं थांबवून माणसं मोजली. या बदलाचा कोणी सत्कार केला नाही. माझ्या मते त्या वर्षीची सर्वांत मोठी सुधारणा हीच होती.

पण सव्वीस आठवड्यांच्या पगाराची पावती? ती पुन्हा मालकाच्याच नावावर. १९२९ मध्ये होती तशी, १९६१ मध्ये होती तशी. मोठ्या आयटी कंपनीला ती परवडते, ती तिचं ब्रोशर छापते. वाकडमधल्या वीस-पंचवीस माणसांच्या स्टार्टअपला परवडत नाही. मग मुलाखतीत हसत-खेळत विचारलं जातं, लग्न कधी झालं, पुढचा काही विचार. गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्याच देशात १९४८ पासून पडून आहे. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, प्रत्येक कामगारामागे, बाई असो वा पुरुष, ठरावीक टक्का भरला जातो आणि बाळंतपणाचा भत्ता महामंडळ देतं. त्या कारखान्यात बाई घेतली काय आणि बुवा घेतला काय, मालकाच्या खिशाला सारखंच. पण ईएसआय एकवीस हजारांच्या पगारापाशी थांबतं. त्याच्या वरच्या बाईला मालकाच्या खिशावर सोडलं आहे, आणि मोहननगर-चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयाचं नाव काढलं तर हिंजवडीवाली अंग चोरते, तो भाग निराळा.

मग हिंजवडीवाल्या टिकतात कशा? लिनिअर गार्डनमध्ये संध्याकाळी पाचला चक्कर मारा. लातूर, अकोला, जळगाव, सोलापूर इथल्या बोली कानावर पडतात. झोपाळ्यांशी आज्या उभ्या असतात. सहा महिने तिची आई, सहा महिने त्याची आई, मधल्या फटीत पाळणाघर: या उपनगरातली सर्वांत मोठी सवलत ही, आणि ती कुठल्याच सीटीसीत दिसत नाही. गावाकडचं घर बंद, आजोबा तिकडे हातानं भाकरी थापायला शिकतायत. आजीचे गुडघे दुखतात, लिफ्ट बंद पडली की जास्त दुखतात.

दरम्यान कारखान्यात बायका परत आल्या आहेत. चाकणला बजाजची डॉमिनार मोटारसायकल बायकांच्या लाइनवर जोडली गेली. टाटा मोटर्सच्या, म्हणजे त्याच जुन्या टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारीची जोडणी दीड हजारांवर बायकांची लाइन करते. जिथे अर्ज करू नये असं लिहिलं होतं, तिथे हे पन्नास वर्षांत झालं. मला याचं अप्रूप आहे आणि ते लपवायचं कारण नाही. टॉर्क गन हातात घेतलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पाहिली की 'हे बाईचं काम नाही' हे वाक्य म्हणणाऱ्या सगळ्या काकांना एकेक फेरी मारून आणावीशी वाटते.

तरी पावती पाहायची सवय सुटत नाही. १९६१ साली आपण दोन कायदे केले, एक बाळंतपणाच्या रजेचा आणि दुसरा ॲप्रेंटिसचा. दुसऱ्या कायद्यानुसार ॲप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे. सुरक्षेची आणि आरोग्याची कलमं त्याला लागू, पण ईएसआय नाही, पीएफ नाही. या पट्ट्यातल्या कितीतरी लाइनींवर मुली अशा शिकाऊ म्हणूनच उभ्या आहेत. बारावी किंवा आयटीआय झालं की यायचं, मुदत संपली की जायचं. येतात अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, जातात एकविसाव्या-बाविसाव्या. लग्न आणि बाळंतपण या दोन्ही गोष्टी गेटच्या बाहेर होतात, आणि मग त्यांच्या जागी पुढची तुकडी अठरा वर्षांचीच असते. डायव्हर्सिटीचा आकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो, पाळणा मात्र हलवावा लागत नाही. भोसरीच्या सुपरवायझरने बोटं मोजली होती. इथे त्याचीही गरज उरली नाही.

तिसरीचा, म्हणजे कामाच्या मावशीचा, तर कुठल्याच कायद्यात नीट पत्ता नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, पगारी सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस यांची रीत काही घरांत रुजली. २००८ मध्ये राज्याने घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण मालक म्हणून आपलं नाव कुठे नोंदवलेलं नसतं, त्यामुळे पावती फाडायचा प्रश्नच येत नाही. पंचिंग मात्र आहे. गेटवरच्या ॲपमध्ये मावशी किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर गेल्या, महिन्यात किती खाडे केले, याची नोंद फ्लॅटनिहाय मिळते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती नोंद दाखवून पगार कापल्याचं एक जण अभिमानाने सांगत होते. ते स्वतः आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात.

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या मावशी पेढे घेऊन आल्या. मुलगी चाकणला लागली होती. तीही बरोबर होती, नवे बूट घालून, ते चावत असल्यामुळे जरा लंगडत. मी विचारलं, "काय काय देते गं कंपनी?"

"बस आहे काका, इथून थेट. दोन वेळचं जेवण. युनिफॉर्म, बूट." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून तिने बायकोला सांगितलं, "बाथरूम इतकी मस्त आहेत ना काकू. पाणी चोवीस तास."

"आणि किती वर्षांसाठी घेतलंय?"

"दोन."

"मग पुढे?"

तिने आईकडे पाहिलं. मावशींनी पेढ्यांचा पुडा बंद केला, ओट्यावरचा ओला फडका पिळून दांडीवर टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "चल गं, सी विंगमध्ये सव्वाआठला शिरायचंय. तिथं ॲपवर उशीर दिसतो."